गुडघ्याजवळची जायंट सेल ट्यूमर नावाची हाडाची गाठ काढल्यावर पोकळी भरायला हाड कुठून आणतात?

बहुतेक वेळा पेशंटच्याच कंबरेच्या हाडातून. ते पुरत नसेल तर टिश्यू बँकेतलं दान केलेलं हाड वापरतात, आणि बऱ्याचदा जोडीला बोन सिमेंट, म्हणजे पोकळीत भरल्यावर घट्ट होणारं मिश्रण. स्वतःच्या हाडात जिवंत पेशी असतात, म्हणून ते लवकर जुळतं. दान केलेलं हाड गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं असतं. मुंबईत टाटा मेमोरियलची अशी बँक 1988 पासून आहे. तुम्ही विचारलेला जायंट सेल ट्यूमर सहसा कॅन्सर नसतो, पण परत उद्भवू शकतो. त्यामुळे गाठ नुसती खरवडून भागत नाही, आतली भिंत ड्रिलसारख्या यंत्राने घासून काढावी लागते. मग सांध्याच्या कूर्चेखाली (हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत आवरणाखाली) ग्राफ्टचा, म्हणजे वर सांगितलेल्या हाडाचा, थर देतात आणि उरलेल्या जागेत सिमेंट भरतात. हा थर टाळू नये असं मला ठामपणे वाटतं, कारण सिमेंट घट्ट होताना तापतं आणि थेट कूर्चेजवळ गेलं तर तिला इजा होऊ शकते. सिमेंटचा फायदाही मोठा आहे: पायाला लगेच आधार मिळतो, आणि गाठ परतली तर एक्स-रेत सिमेंटच्या कडेला काळसर पट्टा वाढताना लवकर दिसतो.

मात्र हे सगळं खरवडता येणाऱ्या गाठीपुरतं. ऑस्टिओसार्कोमासारख्या कॅन्सरमध्ये हाडाचा अख्खा तुकडा काढतात आणि तिथे बहुधा धातूचा सांधा बसवतात. काही निवडक पेशंटमध्ये काढलेल्या हाडालाच रेडिएशन देऊन ते परत बसवतात. ते जुळायला बरेच महिने लागतात, केमोथेरपी चालू असेल तर आणखी जास्त.