सावलीतल्या पट्ट्यात रंग कुठून आणायचा?

प्रश्न : ताई, आमचं ठाण्यात तळमजल्यावर घर आहे. मागे उत्तरेला, इमारत आणि कुंपणाच्या भिंतीमध्ये, चार फूट रुंद आणि पंधरा फूट लांब पट्टा आहे. एका टोकाला आंबा. दोन वर्षांत तिथे गुलाब, जास्वंद, क्रोटन लावून झाले. गुलाब गेला, जास्वंद नुसतीच उंच वाढली, क्रोटनची लाल-पिवळी पानं हिरवी पडली. सासूबाई दिवसभर मागच्या खिडकीशी बसलेल्या असतात, त्यांना समोर काहीतरी रंगीत दिसावं असं फार वाटतं. मुलगा दोन वर्षांचा आहे. काय लावू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्या हाताला काही झालेलं नाही. गुलाबाला, जास्वंदीला पाच-सहा तास ऊन लागतं आणि क्रोटनचा रंग तर उन्हातच खुलतो. ती झाडं आता कोणाला तरी देऊन टाका, उन्हाच्या अंगणात सुखाने राहतील. सावलीत फुलांच्या मागे लागलं की पदरी निराशाच येते. तिथे रंग पानांत शोधायचा.

पुण्यात माझ्या घरामागेही असाच उत्तरेचा पट्टा आहे, आणि तिथे मी पहिलं लावलं ते कॅलेडियम, आपल्या अळूचा भाऊबंद. पांढऱ्या पानावर हिरव्या शिरा, गुलाबी पानावर लाल शिरा. पाऊस पडून गेल्यावर त्या पानांतून उजेड आरपार जातो तेव्हा दिवा लावल्यासारखं वाटतं. दिवाळीनंतर पानं पिवळी पडत पडत सगळी गळाली. झाड मेलं असं समजून मी कुंडी आंब्याखाली रिकामी केली आणि विसरून गेले. जूनमध्ये त्या ढिगातून सुरळीसारखी गुंडाळलेली गुलाबी पानं वर आली! कंद नुसता झोपलेला होता. म्हणून सांगते, पानं गेली की पाणी बंद करा, कुंडी कोरड्या कोपऱ्यात सरकवा, पण टाकू नका. मे संपता संपता पुन्हा पाणी सुरू करा.

कॅलेडियम झोपलेलं असताना खिडकी ओकी दिसू नये म्हणून रंगीबेरंगी पानांचं कोलियस हवंच. एक फांदी आणून पेल्यात पाण्यात ठेवा, आठ-दहा दिवसांत मुळं सुटतात. शेंडे खुडत राहा, तुरे आले की लगेच काढा, म्हणजे झाड पसरतं. मात्र अगदी अंधाऱ्या कोपऱ्यात त्याचा रंग उतरतो. तिथे हिरवट-रुपेरी पानांचा अग्लोनेमा ठेवा. लाल पानांचा महाग असतो आणि त्याला उजेडही जास्त लागतो.

फूल हवंच असेल तर अबोली. सकाळचं दोन-तीन तास कोवळं ऊन येईल अशा जागी लावा, वर्षातले कितीतरी महिने फुलते. तिची वाळलेली बोंडं पावसाचं पाणी लागलं की तटकन फुटतात आणि बी उडतं. सासूबाईंना तो आवाज खिडकीतून ऐकू येईल. शिवाय गजऱ्यापुरती फुलं घरचीच. एक भुईचाफाही लावा. एप्रिल-मेमध्ये पान नसताना थेट मातीतून पांढरं-जांभळं सुवासिक फूल येतं, आणि मग पावसाळाभर नक्षीची पानं, खालून जांभळी.

आता एक गोष्ट जिच्यामुळे माझी झाडं एकदा करपली. उत्तरेचा पट्टा म्हणजे बारमाही सावली, असं आपण धरून चालतो. पण आपल्याकडे मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो. डिसेंबरात जिथे किरण नसतो तिथे मेअखेरीस भर दुपारचं ऊन पडतं, आणि पाऊस लांबला तर जूनमध्येही. तेवढे दिवस कुंड्या आंब्याखाली सरकवा किंवा हिरवी जाळी बांधा.

कुंड्या म्हणतेय ते मुद्दाम. आंब्याच्या मुळांजवळच्या जमिनीत लहान झाडांच्या वाट्याला ना पाणी येतं ना खत. दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पुरे. पाणी बोटाने माती चाचपून मगच घाला. सावलीत माती लवकर वाळत नाही, आणि झाडं तहानेपेक्षा कुजूनच जास्त जातात. कुंपणाच्या भिंतीला पांढरा चुना लावा, उजेड वाढलेला तुम्हाला लगेच जाणवेल.

पावसाळ्यात गोगलगायी येतील. रात्री ओलं गोणपाट पसरून ठेवा, सकाळी त्या त्याखाली गोळा झालेल्या सापडतात, वेचून काढा.

आणि तुमच्या बाळाचं. कॅलेडियम आणि अग्लोनेमा चावले तर कच्च्या अळूसारखी तोंडाची आग होते, सूजही येते. त्या कुंड्या भिंतीवर, त्याचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा. तिथून सासूबाईंनाही जास्त चांगल्या दिसतील. खाली बाळाच्या हाताशी अबोली असू दे.