सिझरच्या वॉर्डात नवीन आहेस? आधी एवढं पक्कं कर

अगं, घाबरू नकोस. सुरुवातीला तीनच गोष्टी सांभाळ.

१. रक्तस्राव. टाक्यांवरची पट्टी कोरडी दिसली की नवीन मुली निर्धास्त होतात. तसं करू नकोस. पॅड बघ, मग बाईला हळूच कुशीवर वळवून कमरेखाली हात घाल. रक्त तिथे साचतं. पोटावरून गर्भाशय चाचपून बघ. दगडासारखं घट्ट हवं. मऊ लागलं तर चोळायला लाग आणि लगेच डॉक्टरांना हाक मार.

२. वेदना. "थोडं सहन करा" असं कधीच म्हणू नकोस. दुखत असलं की ती खोल श्वास घेत नाही, उठत नाही, बाळाला नीट धरत नाही. लिहून दिलेली गोळी वेळेवर दे, तिने मागायची वाट बघू नकोस.

३. उठवणं. डॉक्टरांची हरकत नसेल तर २४ तासांच्या आत. पडून राहिल्याने पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून बसव, चक्कर येत नाही ना विचार, मगच उभं कर. पहिल्यांदा तिचा हात सोडू नकोस. खोकताना पोटावर उशी दाबून धरायला शिकव.

हो, पाजताना बाळ काखेखाली धरलं की टाक्यांवर भार येत नाही. बाकीचं हळूहळू येईल.