तंटामुक्ती समितीत नवा आलास म्हणून सांगतो
पहिल्याच बैठकीत भांडणाऱ्या दोघांना समोरासमोर बसवू नकोस. आधी ज्याला मार बसला, ज्याचं नुकसान झालं, त्याच्या ओट्यावर जाऊन बस. विचार, "तुला नेमकं काय हवंय?" बांधाच्या मारामारीत पुष्कळदा पैशापेक्षा चारचौघांत मागितलेली माफी हवी असते. "जाऊ दे, मिटव आता" असं चुकूनही म्हणू नकोस, ते दडपण झालं. (तंटामुक्त गाव मोहीम २००७ची, गावाला मिळणाऱ्या बक्षिसापायी घाईने मिटवलेले तंटे पुन्हा पेटलेले पाहिलेत मी.) बलात्कार, ॲट्रॉसिटी असलं काही समितीत घ्यायचंच नाही, सरळ पोलीस ठाणं. कुठल्या गुन्ह्यात तडजोड चालते ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये आहे. काहींना कोर्टाची परवानगी लागते. ठरलेलं लिहून, वाचून दाखवून सह्या घे. पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच ओट्यावर चक्कर मार.