वाचकांचे प्रश्न : दीपस्तंभाचे मजले आणि बिघडणारे कोपरे

प्रश्न : आमच्या देवळातील भजनी सप्ताहाची निमंत्रणपत्रिका मी इंकस्केप या संगणकावरील चित्रे काढण्याच्या प्रणालीमध्ये तयार करीत आहे. चौकटीचे कोपरे गोल केले, परंतु चौकट रुंद करताच ते अंड्यासारखे लांबट झाले. ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ केल्यावर तर गोलाईचा आकडा भरण्याची जागाच नाहीशी झाली. शिवाय दीपस्तंभाचे वरचे मजले लहान केले की त्यांच्या रेषाही बारीक होतात. यावर उपाय कोणता? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : आपल्या तीनही अडचणी परस्परांशी संबंधित आहेत. इंकस्केपमध्ये आयताच्या साधनाने काढलेली चौकट ही रुंदी, उंची आणि कोपऱ्यांची त्रिज्या अशा आकड्यांच्या रूपात जपलेली असते. म्हणूनच तिची गोलाई केव्हाही बदलता येते. ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ ही आज्ञा ते आकडे पुसून केवळ बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वक्ररेषा, म्हणजेच ‘पाथ’, मागे ठेवते. कंट्रोल-झेडने लगेच मागे फिरता येते, पण फाईल जतन करून बंद केल्यावर तो मार्ग उरत नाही. त्यामुळे रूपांतर शक्य तितके लांबणीवर टाकावे आणि करायचेच झाले तर आधी कंट्रोल-डीने प्रत काढून मूळ आकार वेगळ्या, लपवलेल्या स्तरावर ठेवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. या एका सवयीने रात्र-रात्रीची मेहनत वाचते.

कोपरे लांबट होण्याचे कारण असे की निवडीच्या बाणाने चौकट एकाच दिशेला ताणताना गोलाईही त्याच प्रमाणात ताणली जाते. निवडीचे साधन घेतले असता वरच्या पट्टीत काही लहान बटणे दिसतात. त्यांपैकी एक रेषेची जाडी आकाराबरोबर बदलावी की नाही हे ठरवते आणि दुसरे कोपऱ्यांच्या त्रिज्येविषयीचे असते. हे दुसरे बटण बंद ठेवावे. त्याहून चांगला उपाय म्हणजे आयताचेच साधन घेऊन चौकटीच्या कोपऱ्यांवरील लहान चौकोनी खुणा ओढाव्यात, म्हणजे रुंदी-उंची बदलली तरी गोलाई तशीच राहते. आधीच बिघडलेल्या चौकटीत आर-एक्स आणि आर-वाय (कोपऱ्याची आडवी आणि उभी त्रिज्या) या दोन्ही रकान्यांत समान आकडा, उदाहरणार्थ ५ मिलिमीटर, भरून पाहावा.

दीपस्तंभाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हा आकार काढताना साधनांची खरी परीक्षा होते. मंगेशीच्या देवळासमोरचा सात मजली दीपस्तंभ नजरेसमोर आणा : मजला साधारण एकसारखा, त्यात कमानदार कोनाडे, आणि वर जाताना घेर कमी होत गेलेला. म्हणजे एकच मजला मन लावून काढायचा आहे. कोनाड्यासाठी आयत आणि वर्तुळ एकमेकांवर ठेवून ‘युनियन’ने जोडावे, मग ही कमान मजल्याच्या आयतावर ठेवून, दोन्ही निवडून ‘डिफरन्स’ करावे. वरचा आकार खालच्यातून कापला जातो, त्यामुळे कमान वरच असली पाहिजे. या क्रियेनंतर उरतो तो पाथ; म्हणून वर सांगितलेली प्रत येथेच उपयोगी पडते.

पुढचा मजला करताना मात्र ‘क्लोन’चा मोह टाळावा. क्लोन मूळ आकाराशी बांधलेला असतो, मूळ बदलले की तोही बदलतो, आणि एकाच आकाराच्या नक्षीसाठी ही मोठीच सोय आहे. परंतु क्लोन लहान केला की रेषेच्या जाडीचे बटण बंद असूनही त्याची रेषा बारीक दिसते. येथे साधी प्रत काढावी, ते बटण बंद करावे, आणि कंट्रोल दाबून कोपरा ओढत प्रत्येक मजला खालच्याच्या नव्वद टक्के करावा. सातही मजल्यांच्या रेषा सारख्या जाडीच्या राहतील.

प्रश्न : तुळशी वृंदावनाभोवती आठ पाकळ्यांचे फूल हवे आहे. प्रत्येक पाकळी हाताने काढावी लागेल का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : नाही. ताऱ्याचे साधन घेऊन टोकांची संख्या ८ करावी आणि ‘राउंडेड’च्या रकान्यातील आकडा हळूहळू वाढवावा, टोके वळून पाकळ्या होतात. आतली खूण ओढताना कंट्रोल दाबून ठेवावे, नाहीतर पाकळ्या एका बाजूला कलतात.

प्रश्न : फोटोशॉपमध्ये मी काढलेली समई पुन्हा पुन्हा वापरता येईल का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : समईचा पाथ निवडून ‘एडिट’ मेनूतील ‘डिफाइन कस्टम शेप’ने तिला नाव द्यावे, मग ती आकारांच्या संग्रहात कायम मिळते. एखादा बिंदू हलवताना ‘लाइव्ह शेप’चे (आकडे जपलेल्या आकाराचे) साध्या पाथमध्ये रूपांतर होईल अशी सूचना आली, तर होकार देण्यापूर्वी त्या स्तराची प्रत काढून ठेवावी.