मायामीत एकच दिवस हाताशी आहे. व्हिझकाया हे खाडीकाठचं जुनं घर, आताचं संग्रहालय, बघावं का, की ती नुसती इटालियन व्हिलाची (बागेतल्या हवेलीची) नक्कल आहे?

बघाच. आणि ‘नुसती नक्कल’ हे मनात धरून जाऊ नका. नेमका हाच शेरा मी माझ्या मामाच्या तोंडून त्याच घराच्या चौकात उभं राहून ऐकलाय, म्हणून लिहायला बसलोय.

मी आर्किटेक्ट, फ्लोरिडात राहतो. मामा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला इंजिनियर. आमच्याकडे आला होता तेव्हा मीच हौसेनं त्याला व्हिझकायाला नेलं. घराच्या मधोमध चौक आहे, चहूबाजूंनी कमानींचे सोपे. मामानं वर बघितलं. वर काचेचं छत. लगेच म्हणाला, “बघ! चौक ठेवला आणि शेवटी काच घालून एसी लावावाच लागला ना? मी तेव्हा काय सांगत होतो?”

‘तेव्हा’ म्हणजे त्याच्या साताऱ्याच्या घराचा नकाशा मी काढला होता तेव्हा. काँक्रीटची फ्रेम, पण मधे उघडा चौक आणि सगळ्या खोल्या त्यावर उघडणाऱ्या. “वाड्याचं सोंग” म्हणून मामानं तो बाजूला सारला आणि चौकोनी स्लॅबचं घर बांधलं. त्या घरातल्या मधल्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो.

तर काचेचं. जेम्स डिअरिंगनं घर बांधलं तेव्हा काच नव्हती. डिअरिंग म्हणजे शेतीची यंत्रं बनवणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा उपाध्यक्ष. घराचं काम १९१४ मध्ये सुरू झालं आणि १९१६ च्या नाताळात तो राहायला आला, तोही फक्त हिवाळ्यापुरता. खाडीवरचा वारा चौकातून आरपार जायचा. काच बसली १९८० च्या दशकात, घराचं संग्रहालय होऊन तीसेक वर्षं झाल्यावर. कारण खारी, दमट हवा जुनं लाकूड आणि कापड खात होती. आत पंधराव्या शतकात स्पेनमध्ये विणलेला गालिचा आहे. त्याला उघड्या चौकाचा वारा कसा चालेल? माणसांना राहायला केलेला चौक वस्तूंसाठी झाकला, यात चौकाचा काय दोष? मी हे मामाला तिथंच सांगितलं. तो म्हणाला, “ते असू दे, पण मूळ घरच उसनं आहे.”

उसनं काय आहे ते सांगतो. उत्तर इटलीतल्या बस्सानो देल ग्राप्पाजवळच्या व्हिला रेझोनिकोवरून घराचं रूप सुचलं. डिअरिंग आणि त्याचा कलासल्लागार पॉल चॅल्फिन इटलीभर हिंडून शेकोट्या, दारं, छतं विकत घेत होते आणि त्या वस्तूंच्या मापानं खोल्या आखल्या गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्यानं राहून फेरफार केलेलं घर वाटावं, ही चॅल्फिनची कल्पना. पण आर्किटेक्ट बरल हॉफमन यानं सांगाडा उभा केला तो प्रबलित काँक्रीटचा, कौलं आणली क्यूबातल्या जुन्या घरांवरची, कोरीव कामाला बराचसा दगड फ्लोरिडातलाच. त्या दगडाजवळ तोंड नेऊन बघा: भोकाभोकांची चुनखडी, पोवळ्यांचे आणि शिंपल्यांचे ठसे नखानं चाचपता येतात. घरात लिफ्ट होती, टेलिफोन होते. हे सोंग असेल तर मग आपल्याकडची निम्मी देवळं सोंगं म्हणायला हवीत, कारण तीही कुठल्या तरी जुन्या देवळाकडे बघूनच बांधलीत.

एक गोष्ट मात्र मलाही खटकते. बैठकीच्या दालनात ऑर्गन या वाद्याचे नळे झाकायला मॅडोनाचं, म्हणजे येशूच्या आईचं, एक जुनं चित्र मधोमध कापून त्याची दोन दारं केली आहेत. पैसा होता म्हणून केलं, आणि ते चुकीचंच केलं. तिथं मामाचं म्हणणं मला मान्य आहे.

पण बागेत या. इटलीत व्हिला टेकडीवर आणि बाग तिच्या पायऱ्यांनी खाली उतरलेली असते. मायामीची जमीन सपाट. बाग आखणारा दिएगो सुआरेझ कोलंबियात जन्मलेला, फ्लॉरेन्सला शिकलेला. त्याच्या लक्षात आलं की दक्षिणेकडच्या तळ्यावरून ऊन परतून घरासमोर उभ्या माणसाचे डोळे दिपतात. म्हणून त्यानं बागेच्या टोकाला मुद्दाम टेकाड उठवलं, त्यावर छोटा मंडप बांधला आणि तळं आड केलं. इटलीतला उतार इथं चढ झाला, तो इथल्याच उन्हामुळे. नक्कल करणारा माणूस असा उन्हाचा विचार करत नाही. मामा त्या टेकाडाच्या पायऱ्या चढला, मागं वळून घराकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “हे काम चांगलं आहे.” चौकाबद्दल मात्र एक अक्षर मागं घेतलं नाही. आजही फोनवर विषय निघाला की आवाज चढतो.

समोर खाडीत नावेच्या आकाराचा दगडी बांध आहे, लाटा अडवायला. त्यावरचं शिल्पकाम अलेक्झांडर स्टर्लिंग काल्डरचं. दगड मऊ असल्यामुळे खारं पाणी आणि वादळं ते झिजवत आहेत, तेव्हा लवकर बघून घ्या. डिअरिंग १९२५ मध्ये गेला, पुढच्याच वर्षीच्या चक्रीवादळानं बागेची दाणादाण उडवली, आणि १९५२ मध्ये काउंटीनं (तिथल्या जिल्हा प्रशासनानं) घर आणि बाग विकत घेतली. सामान त्याच्या भावाच्या मुलींनी देऊन टाकलं.

हेही सांगायला हवं: मायामीची वस्ती १०,००० च्या आसपास होती तेव्हा या कामावर हजारावर माणसं होती आणि त्यांत बहामाहून आलेले कृष्णवर्णीय मजूर पुष्कळ. त्यांची नावं भिंतीवर नाहीत. चित्रकार जॉन सिंगर सार्जंटनं १९१७ मध्ये इथं येऊन काढलेल्या जलरंगांत ते दिसतात.

मंगळवारी बंद असतं, तरी जायच्या आधी खात्री करा. उन्हाळ्यात सकाळी आधी बाग, मग घर. आणि गावाकडे घर बांधायचा विचार असेल तर चौक ठेवा. पावसाची भीती कोणी घातली तर पन्हळ आणि पाणी काढायची मोरी नीट करा, काच घालू नका. तुमच्या घरात पंधराव्या शतकातला गालिचा नाहीये.