गॅलियम जास्त का दिसतं?

प्रश्न : गॅलियम नायट्राइडची (यात गॅलियम आणि नायट्रोजनचे अणू निम्मे-निम्मे) सुई लेझर अ‍ॅटम प्रोबमध्ये, म्हणजे विद्युतक्षेत्र आणि लेझरच्या स्पंदांनी टोकावरचे अणू सुटे करून मोजणाऱ्या यंत्रात, तपासली. गॅलियम ५० टक्क्यांहून बरंच जास्त आलं. नमुनाच सदोष असेल का?

उत्तर : नमुन्यावर इतक्यात खापर फोडू नका; आधी लेझरची ऊर्जा पाहा. ती जास्त असली की टोक तापतं आणि अणू कमी विद्युतक्षेत्रातच सुटतात. मग बराच नायट्रोजन प्रभाररहित रेणू होऊन निसटतो, डिटेक्टरच्या हिशेबात येतच नाही.

ऊर्जा टप्प्याटप्प्याने उतरवा. दुहेरी प्रभाराचं गॅलियम एकेरीच्या तुलनेत वाढलं, म्हणजे क्षेत्र वाढलं. फार उतरवलीत तर उलटी गत : दोन स्पंदांच्या मधेच गॅलियम उडतं, नायट्रोजन जास्त भासतो. शिवाय सुई मोडण्याची धास्ती! वस्तुमानाच्या आलेखातल्या शिखरांना लांब शेपटं दिसली, तर टोक सावकाश निवतंय.