फिट म्हणजे उत्तेजक पेशी बेकाबू होणं, तर मग गाबा (मेंदूतल्या पेशींना शांत करणारं रसायन) वाढवणारी औषधं अ‍ॅबसेन्स फिट (काही सेकंद भान हरपणारी फिट) का वाढवतात? प्राण्यांवरच्या प्रयोगांत काय दिसतं?

मी काही वर्षं एका प्रयोगशाळेत उंदरांचे ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींचे आलेख) वाचायचं काम केलं. पहिल्या दिवशी ईईजीवर फिट सुरू झाली आणि मी पिंजऱ्याकडे पाहिलं, तर पाहण्यासारखं काहीच नव्हतं. उंदीर होता तिथे थबकला, मिश्या किंचित थरथरल्या, काही सेकंदांनी पुन्हा हुंगत निघाला. मला वाटलं डुलकी लागली असेल. अ‍ॅबसेन्स असलेल्या मुलांनाही घरचे, शिक्षक असंच म्हणतात, ‘लक्ष नसतं त्याचं’.

तुमच्या प्रश्नात जी समजूत आहे, की फिट म्हणजे उत्तेजक पेशींचं उधाण, ती इथे लागू पडत नाही. सभागृहातल्या टाळ्या आठवा. आधी जो तो आपापल्या वेगाने वाजवतो, नुसता कडकडाट. मग सगळ्यांचा ठेका जुळतो. ठेका जुळल्यावर प्रत्येकाचा वेग उलट कमी होतो, पण ठोका घुमतो. अ‍ॅबसेन्समध्ये उत्तेजक पेशींचं असंच काहीसं होतं. जनुकीय अ‍ॅबसेन्स असलेल्या उंदरांत फिटच्या वेळी थॅलॅमसमधल्या (संवेदना बाह्य मेंदूकडे पोचवणाऱ्या, मेंदूच्या आतल्या भागातल्या) पेशींचा एकूण मारा, म्हणजे त्यांचे विजेचे ठोके, घटलेला आढळतो, वाढते ती एकजूट. ईईजीवरचं टोकदार शिखर आणि त्यामागची संथ लाट ही त्या एकजुटीची खूण.

हा ठेका धरतो कोण, यावर बरीच वर्षं वाद झाला. आधी सगळा संशय थॅलॅमसवर होता. नेदरलँड्समधल्या ‘वॅग-राय’ या वाणाच्या उंदरांवर 2002 मध्ये झालेल्या कामात दिसलं, की लहर आधी बाह्य मेंदूच्या एका ठरावीक जागी उठते, तोंडाभोवतालच्या स्पर्शाची जाणीव जिथे पोचते तिथे. पुढे 2007 मध्ये स्ट्रासबर्गच्या ‘गेअर्स’ वाणात त्याच भागातल्या खोल थरांतल्या उत्तेजक पेशी सर्वांत आधी पेटताना सापडल्या. म्हणजे ठिणगी टाकणाऱ्या उत्तेजक पेशीच, यात तुमचं बरोबर आहे. पण नुसत्या ठिणगीवर ठेका चालत नाही, त्याला थॅलॅमसची साथ लागते.

आता औषधांचं. थॅलॅमसमधल्या उत्तेजक पेशींवर टी-प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्या असतात. पेशी जागी, चेतलेली असताना या वाहिन्या निकामी पडून राहतात. गाबाने पेशीला दाबलं की त्या पुन्हा तयार होतात आणि दाब सुटताच कॅल्शियम आत घुसून पेशी उसळते. दाबलेली स्प्रिंग सोडावी तसं. त्यामुळे इथे ‘शांत करणं’ म्हणजे पुढच्या उसळीची तयारी. एथोसक्सिमाइड हे अ‍ॅबसेन्सवरचं जुनं औषध याच वाहिन्या अडवतं. (मोकळ्या फिरणाऱ्या उंदरांत ही उसळी पुस्तकात दाखवतात तितक्या वेळा दिसत नाही, 2018 च्या नोंदींनी हे दाखवलं. माझ्या मते ते चित्र आता जरा सैल हाताने धरायला हवं.)

याहून सरळ दुवा टायगाबिन या गाबा वाढवणाऱ्या, फिटवरच्या औषधाचा आहे. पेशींबाहेर सांडलेला गाबा परत आत ओढणारं गॅट-1 नावाचं प्रथिन असतं. अ‍ॅबसेन्सच्या प्राण्यांत तेच दुबळं असतं, त्यामुळे थॅलॅमसच्या पेशींवर गाबाचा मंद, सतत दाब राहतो, असं 2009 मध्ये दाखवलं गेलं. टायगाबिन नेमकं गॅट-1 च बंद करतं. आधीच तुंबलेल्या मोरीचं उरलंसुरलं तोंडही बुजवल्यासारखं. व्हिगाबॅट्रिन हे दुसरं औषध गाबा मोडणारं विकर (एन्झाइम) रोखतं, परिणाम तोच.

सगळीच गाबावाली औषधं अशी उलटतात, असं मात्र नाही. क्लोनाझेपाम या गाबाचा परिणाम वाढवणाऱ्या औषधाने अ‍ॅबसेन्स कमी होतो. त्याचा भर थॅलॅमसभोवतीच्या रेटिक्युलर केंद्रातल्या दमनकारी पेशींवर असतो, असं मानतात. त्या पेशी एकमेकींना जास्त दाबू लागल्या की पुढे थॅलॅमसवरचा त्यांचा एकजुटीचा दाब ढिला पडतो. गाबा किती वाढला, यापेक्षा कुठे वाढला, हे महत्त्वाचं.

‘स्टारगेझर’ नावाच्या छोट्या उंदरांची गोष्ट मला सर्वांत आवडते. मान वर करून आकाश बघत असल्यासारखे दिसतात म्हणून हे नाव. त्यांच्यात ग्लुटामेट या उत्तेजक रसायनाचे ग्राहक (रिसेप्टर) पेशीच्या जोडणीपर्यंत नेणारं एक प्रथिन नसतं. ऐकल्यावर वाटेल, उत्तेजना कमी, म्हणजे फिटही कमी. पण ही तूट प्रामुख्याने दमन करणाऱ्या पेशींना भोगावी लागते. उत्तेजक पेशी हाक मारतात, पहारेकऱ्याला ती नीट ऐकूच येत नाही, आणि फिट येते.

उंदरांवरून मुलांविषयी बोलताना मी स्वतः जपून बोलतो. मुलांत ही लहर सेकंदाला साधारण 3 वेळा येते, या उंदरांत 7 ते 11 वेळा. शिवाय अपस्मारासाठी न निवडलेल्या, साध्या उंदरांतही अशा लहरी सापडतात, त्यांना फिट म्हणावं का, यावर अजून भांडण चालू आहे.